उणीव एकाची, गोळी दुसऱ्याला

स्मृतिव्याख्यानासाठी लोक साधारणपणे भारदस्त विषय निवडतात: राष्ट्र, संस्कृती, लोकशाही. आजचा विषय घरातल्या फ्रिजवर ठेवलेल्या डबीचा आहे. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, ओमेगा-थ्री, प्रोटीन पावडर, यांना कुणी टॉनिक म्हणतात तर कुणी ताकदीच्या गोळ्या. धडधाकट माणसाने या घेतल्या तर त्याचा काही फायदा होतो का? ‘काही’ या शब्दावर अडून बसले तर उत्तर लांबते. पण धरमतरच्या खाडीच्या काठावर बसून या प्रश्नाकडे पाहण्याची एक सोय आहे. पूरक आहाराची देशातली सगळ्यात मोठी आणि यशस्वी गोष्ट मिठाची आहे, आणि मीठ या खाडीला नवे नाही.

अंबा नदी धरमतरच्या खाडीतून मुंबईच्या बंदराला मिळते. तिच्या आसपासच्या खारेपाटात भरतीचे पाणी बांधात अडवून पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले गेले. आता बरीच मिठागरे ओस पडली आहेत. समुद्राचे मीठ म्हणजे त्यात आयोडीन आलेच, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन अत्यल्प असते आणि आटवून काढलेल्या मिठात तर ते जवळपास उरतच नाही. समुद्रातले आयोडीन साठते ते शेवाळात आणि मासळीत. म्हणजे मिठागरात राबणाऱ्याला आयोडीन मिळत असे ते त्याच्या हातच्या मिठातून नव्हे, तर कालवणातल्या मासळीतून.

हिमालयाच्या पायथ्याशी समुद्राची मासळीही नव्हती. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात दर तीन माणसांत एकापेक्षा जास्त जणांना गलगंड असल्याचे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. १९५६ मध्ये त्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यात साधे. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड निम्म्यावर आला. तिसरा भाग होता तिथेच राहिला. त्या प्रयोगातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. पुढे बिनआयोडीनचे मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली. १९९८ मध्ये ती देशभर लागू झाली, २००० मध्ये उठली आणि २००६ पासून पुन्हा लागली. छोट्या मीठ उत्पादकांनी आणि गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला. ज्या मिठासाठी सत्याग्रह झाला तेच मीठ कायद्याने बांधले जावे, हे त्यांना रुचले नाही. त्यांचे दुःख समजण्यासारखे होते. पण कांगड्यातल्या मुलांच्या मेंदूची वाढ त्या दुःखासाठी थांबली नसती.

यातले गणित पाहण्यासारखे आहे. ग्राहकाच्या हाती पडताना एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेले तर १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज तेवढीच. उणीव किती, भर किती, हे दोन आकडे इथे आधी माहीत होते. पूरक आहाराचे सगळे शास्त्र या हिशेबात आले. ज्या डब्या घरोघरी जातात त्यांच्या बाबतीत नेमका पहिला आकडा कुणाला ठाऊक नसतो. उणीव आहे की नाही हेच पाहिलेले नसते.

आता त्या डब्यांकडे वळू. अमेरिकेत ५० वर्षांवरील १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज मल्टिव्हिटॅमिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सरासरी ११ वर्षांहून अधिक काळ हे चालले. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: हृदयविकार आणि पक्षाघात यांत काडीचाही फरक नाही, कर्करोगात ८ टक्क्यांची घट. या ८ टक्क्यांवर उद्योगाने बराच काळ गुजराण केली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासल्या गेल्या. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. ड जीवनसत्त्व आणि माशाचे तेल यांची २५,८७१ लोकांवरची चाचणी २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे एकूण प्रमाण दोन्हींपैकी कशानेच कमी झाले नाही. २०२२ मध्ये त्याच चाचणीतून आणखी एक निष्कर्ष आला. धडधाकट मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांची हाडे ड जीवनसत्त्वाच्या गोळीने मोडायची राहत नाहीत.

फायदा नाही तर नाही, निदान नुकसान तरी नाही ना, असे म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडची गोष्ट आहे. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे निरीक्षण होते. या भाज्यांत बीटा कॅरोटीन असते. तेव्हा तेवढेच काढून गोळीत घातले आणि २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेतली. १९९४ मध्ये निकाल लागला. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी २८ टक्के वाढ दिसल्यामुळे १९९६ मध्ये मुदतीआधीच गुंडाळावी लागली. ई जीवनसत्त्वाने ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढवला. बिडी ओढणाऱ्या माणसाला ‘फुफ्फुसासाठी चांगली’ म्हणून कुणी बीटा कॅरोटीनची डबी देत असेल, तर त्याचा हात धरून ती परत करायला लावावी.

मग इतक्या लोकांना गुण येतो कसा? गोळ्या घेणारा माणूस बहुधा पैसे राखून असतो, सकाळी चालायला जातो, वेळेवर तपासण्या करतो, तंबाखूपासून लांब असतो. तो निरोगी राहतो ते या सगळ्यामुळे, आणि श्रेय लाटते डबी. नुसत्या निरीक्षणात हा घोळ सुटत नाही. म्हणून तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, तेव्हा ‘औषध लागू पडले’ असे समजणारेही आहेत. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे शरीराने नको म्हणून बाहेर टाकलेल्या मालाचा.

क जीवनसत्त्वाने सर्दी पळते, हा समज १९७० मध्ये लायनस पॉलिंग या दोन वेळा नोबेल मिळालेल्या रसायनशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून रूढ केला. त्यानंतर अकरा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी तेवढ्याच वेळा होते, फक्त प्रौढांत तिचा मुक्काम साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो. मॅरेथॉन धावणारे, बर्फावर सराव करणारे सैनिक अशांना मात्र खरोखर फायदा दिसला. करोनाच्या लाटेत क आणि झिंकच्या गोळ्यांचा औषधाच्या दुकानांत खडखडाट झाला होता. घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्या दोन्हींनी आजाराचे दिवस घटले नाहीत.

एवढे ऐकून कुणी सगळ्याच गोळ्यांवर काट मारेल, तर तीही घाई होईल. कारण याच विषयातला एक मोठा शोध आपल्या मुंबईत, परळला लागला आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या आणि चाळींतून राहणाऱ्या गरीब गरोदर बायकांना विचित्र पंडुरोग होत होता. रक्तातल्या पेशी मोठ्या आणि अपुऱ्या, आणि बाळंतपणात मृत्यू. त्या काळी पंडुरोगावर यकृताचा अर्क देत, पण तो महाग. विल्सने या बायकांचे जेवण बारकाईने लिहून काढले, त्यात भाजीपाला आणि प्राणिज अन्न किती कमी आहे ते पाहिले, प्राण्यांना तसाच आहार देऊन प्रयोग केले. यीस्टचा स्वस्त अर्क, तोच जो मार्माइट नावाने बाटलीत मिळतो, दिल्यावर आजारी पडलेले माकड सुधारले. मग बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. त्या अर्कातल्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. दहा वर्षांनी पालकाच्या पाल्यातून तेच द्रव्य वेगळे काढता आले आणि त्याला फोलिक अॅसिड हे नाव मिळाले. त्या काळी कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडातला माणूस धरमतरहून बोटीने मुंबई गाठायचा. गिरण्यांत भरती झालेल्या कोकणी कुटुंबांचा या शोधाशी संबंध किती जवळचा होता, हे त्यावरून उमगते.

फोलिक अॅसिडचा दुसरा आणि मोठा पराक्रम १९९१ चा. ज्यांना आधी पाठीचा कणा उघडा असलेले मूल झाले होते, अशा स्त्रियांना पुढच्या गर्भारपणाआधीपासून हे दिले, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. या स्त्रिया आजारी नव्हत्या. निरोगी माणसाला गोळीचा फायदा होतो का, या प्रश्नाला जगात कुठे ठणठणीत ‘हो’ मिळाले असेल तर ते इथे.

पण त्याच गोळीला पुण्याच्या आसपास एक गाठ बसली. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुले यांचा मागोवा घेतला. दोन-तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी निघाले. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा दिसले की ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ तुटपुंजे होते, त्यांच्यातच इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत जास्त. एक खड्डा बुजवताना शेजारचा उघडा राहिला होता. त्याच गावांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. बाळाच्या वजनाशी आईने खाल्लेल्या उष्मांकांचा आणि प्रथिनांचा फारसा संबंध लागला नाही. तो लागला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी.

मग गोळीऐवजी हेच का देऊ नये? मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून नेमके ते करून पाहिले गेले. डॉ. रमेश पोतदार आणि मंडळींनी ६,५१३ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध, तर दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्या. सरसकट पाहता बाळांचे वजन फारसे वाढले नाही. गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांत ते सुमारे ४८ ग्रॅमनी वाढले. मात्र गर्भारपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. गोळीच्या जाहिरातीत असा आकडा असता तर तो फलकावर लागला असता. हा खाऊ होता, त्यामुळे त्याची जाहिरात करणारे कुणी नाही.

खारेपाटाचे जुने जेवण या कसोटीवर ठेवून पाहावे. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकट, जवळा, तिसऱ्या, खुबे, कालवे. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत बी-१२ इतके असते की जगातल्या मोजक्याच पदार्थांशी त्यांची तुलना व्हावी, वर लोहही. जवळा आणि सुकट काटाकवचासकट खाल्ले जातात, त्यातून कॅल्शियम मिळते. पावसाळ्यात कातकरी बाया रस्त्याकडेला टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. त्यांच्या टोपलीतल्या पाल्यात जे फोलेट असते ते ल्युसी विल्सच्या शोधातलेच. हे सगळे ताटात असलेल्या माणसाने मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर पैसे घालवणे म्हणजे भरतीच्या वेळी खाडीत कळशी ओतणे.

मात्र ताटे बदलली आहेत. रायगडातल्या पुष्कळ आगरी घरांत वारकरी परंपरा आहे. माळ घातली की मासळी सुटते. हा त्याग मोठा आहे, आणि त्याचा शरीराला एक हिशेब चुकवावा लागतो. बी-१२ कोणत्याही भाजीत, डाळीत, धान्यात नसते, ते दूध-दह्यातून मिळते तेवढेच. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे माळ घातल्यावर लगेच काही जाणवत नाही, आणि पुढे हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा सुरू झाला की तो वयावर ढकलला जातो. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ आणखी खालावते. अशा माळकरी आजोबांना रक्त तपासून घेतलेली बी-१२ ची गोळी देणे धर्मालाही सोडून नाही आणि शास्त्रालाही.

ड जीवनसत्त्वाचे तसेच. मिठागरात किंवा भातशेतीत दिवस घालवणाऱ्याला ते उन्हातून मिळते. दिवसभर कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या छताखाली बसणाऱ्याला कमी पडू शकते. कमी आढळले तर डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात. ती रोजची समजून किंवा ‘बरे वाटते’ म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंड धोक्यात येते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात, लघवीवाटे निघून जात नाहीत. पुडी स्वस्त असल्याने हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

प्रोटीन पावडरबद्दल थोडक्यात. वडखळ, पेण, रोहा, कुठेही गेले तरी व्यायामशाळेच्या भिंतीला टेकून मोठे डबे उभे दिसतात. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. अंडी, वाल, सुकट यांच्या बाबतीत अशी फसवणूक करता येत नाही.

आणि आता खरा पेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी निघाले. म्हणजे ‘निरोगी माणसाला गोळी हवी का’ या प्रश्नातल्या निरोगी बायका आपल्याकडे निम्म्याहून कमी आहेत. रक्त कमी असलेल्या बाईसाठी गोळी आहे, आणि तीही फुकट. गरोदरपणी लोह आणि फोलिक अॅसिडची लाल गोळी १८० दिवस, शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी. ही गोळी बऱ्याचदा कपाटात पडून राहते. तिने मळमळते, शौचास काळी होते, आणि हे आधी कुणी सांगितलेले नसते. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबाबरोबर घेतली तर लागते, हेही सांगितलेले नसते. फुकटच्या गोळीत दम नाही असे समजून तीच बाई औषधाच्या दुकानातून चारशे रुपयांचे टॉनिक आणते. त्यात लोह बहुतेकदा त्या लाल गोळीपेक्षा कमीच असते.

रेशनच्या तांदळाचीही अशीच गत. शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात लोह, फोलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले कृत्रिम दाणे मिसळले गेले. ते पाण्यावर तरंगतात, रंगाला वेगळे दिसतात, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई राज्यात ठिकठिकाणी उठली आणि बायकांनी ते दाणे वेचून टाकले. त्या तांदळाने पंडुरोग किती हटतो याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, आणि नुसत्या तांदळावर भार टाकून पालेभाजी, अंडे विसरणे हा सरकारी आळस आहे. पण तो प्लास्टिकचा नाही.

देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पूरक आहाराच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. अक्षर बारीक असते, पण असते. डबीवरच छापलेली ही कबुली वाचल्यावर निरोगी माणसाने निदान तपासणीआधी डबी घेऊ नये, असे प्रस्तुत वक्त्याचे स्पष्ट मत आहे. सत्तरीतला शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणारा, घराबाहेर न पडणारा वृद्ध, नुकतीच बाळंतीण झालेली बाई यांनी डॉक्टरला विचारून घ्यावी. बाकीच्यांनी तेच पैसे पेणच्या बाजारात नेऊन पालेभाजी, अंडी आणि मासळी यांवर खर्च करावेत.

एक विनंती मात्र सगळ्यांना आहे. गर्भाच्या पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते, म्हणजे बहुतेक बायकांना दिवस गेल्याचे कळायच्या सुमारास. म्हणून आपल्या घरी लग्न झालेली मुलगी किंवा सून असेल आणि मुलाचा विचार चालू असेल, तर फोलिक अॅसिड आधीच सुरू करायला सांगा. ४०० मायक्रोग्रॅमची ती गोळी पाचव्या महिन्याच्या ओटीभरणाची वाट पाहत ठेवायची नाही. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आणि त्याच फेरीत बी-१२ ची तपासणीही करून घ्या.